दिव्यासाठी दिलेली किल्ली

मुलुंडचं घर आम्ही भाडेकरूसकट विकत घेतलं, म्हणून परवडलं. वर आम्ही, खाली एका खोलीत गिरणीतून निवृत्त झालेला विधुर म्हातारा. माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं आणि संडास खाली अंगणात. रोज सकाळी नवरा आणि मी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून जिना उतरवायचो. त्या काळात मला खालची खोली हवी होती, बाकी काही नाही.

म्हाताऱ्याला विचारून पाहिलं. "मी मेल्यावर घ्या," म्हणाला आणि दार लावून घेतलं. पुढच्याच हिवाळ्यात तो गेला.

भाडेकरू गेला की त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे खोली जाते, हे वकिलानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. याच्यासोबत कुणी राहत नव्हतं. एकुलती मुलगी गोवंडीला दिलेली. दिराच्या खोलीत पडदा लावून संसार करायची आणि रविवारी बापाला कालवण घेऊन यायची.

बाप गेल्यावर ती येऊन राहिली, पण तीनच दिवस. त्यांच्याकडे लग्न झालेल्या मुलीचं सुतक तेवढ्यात फिटतं. म्हाताऱ्यानं जीव सोडला त्या जागी दिवा तेवत ठेवला होता, तो दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नव्हता. अग्नी देणारा पुतण्या दहाव्यालाच उगवणार होता. चौथ्या दिवशी ती डोक्यावरून न्हाली आणि वर आली.

"वैनी, माझं फिटलं आता. तिकडे सासू बोंब मारतेय. दिव्यात तेवढं तेल घालाल ना? पुण्य लागेल तुम्हाला."

आणि खोलीची किल्ली तिनं माझ्या हातात ठेवली. घरमालकिणीच्या. मी ती कमरेला खोचली. सकाळ-संध्याकाळ खाली जायचे, सगळ्या शेजारणींना दिसेल अशा बेतानं कुलूप उघडायचे, तेल घालायचे. दिवा एकदाही विझला नाही.

तेरावं झालं आणि ती नवऱ्याला घेऊन आली. सोबत ट्रंक, स्टोव्ह, गादीची वळकटी.

"वैनी, किल्ली द्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? दिवाळीपासून मी बाबांजवळच राहत होते ना!"

कुणीतरी तिला कायदा शिकवला होता.

"राहत होतीस, तर तेल मी का घातलं गं?"

तिचा नवरा मध्ये पडला. "ओ बाई, कोर्टात तेल नाही चालत."

"शेजारी चालतात," मी म्हटलं.

शेजारी तोवर ओट्यावर जमलेच होते. नवी मालकीण म्हणून माझ्यावर त्यांचा राग होता, आणि तिच्या नवऱ्यानं साक्षीसाठी त्यांना आधीच गाठलं होतं. समोरच्या म्हातारीकडे तो आशेनं बघत होता. ती मलाच आधी बोलली.

"ह्या बयेची बाजू कोण घेतंय! पण पोरी, बापाचा दिवा परक्याच्या हाती देऊन गेलीस तू. आणि आता त्याच्या खोलीसाठी आलीस? मी नाही साक्ष देणार."

मग बाकीचेही खाली बघायला लागले. साक्षीदाराशिवाय केस उभी राहणार नव्हती. नवऱ्याला ते लगेच कळलं, त्यानं ट्रंक पुन्हा उचलली. तिला मात्र कळायचं नव्हतं. मघाचं 'वैनी' संपलं.

"मेल्या माणसाच्या नावानं तेल घालून खोली लाटलीस तू! बघ, तुझ्या सासूचाही जीव ह्याच खोलीत जाईल!"

"जाईल तेव्हा जाईल. आज तिला संडासला जायचंय."

त्यानंतर मी तिला आत सोडलं, पण दारात उभी राहून. बापाची भांडी, पलंग, देवांचे फोटो, भिंतीवरचा आरसा, सगळं तिनं काढलं. खिळेसुद्धा उपटून नेले. मी अडवलं नाही. खिळे तिच्या बापाचेच होते. जाताना ती उंबऱ्यावर थुंकली.

मी बादलीभर पाणी ओतलं आणि सुताराला बोलावणं पाठवलं. उंबरा कापून टाकायचा होता. खुर्ची त्यावरून जात नव्हती.