खिडकीतून टाकलेला रुमाल

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एका जुन्या मिनीबसमध्ये सहा माणसं, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन स्पीकर कोंबा आणि नांदेडहून लातूरच्या रस्त्याला सोडा. चाकूर येईपर्यंत एक तरी किस्सा तयार! मी आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. हळद, जयंती, गणपती, एखाद्या गुरुजींची सेवापूर्ती, कुणी बोलावलं की आम्ही निघालो. किस्से पुष्कळ साचलेत. पण सांगायला बसलं की निम्म्यांत मंगल येते. ती आता आमच्यात नाही. म्हणजे आहे, चांगली धडधाकट आहे, पण गाडीत नाही.

* * *

मंगल आमची गायिका, निलंग्याची. वडील एसटीत कंडक्टर, त्यामुळे हिचं लहानपण स्टँडवरच गेलेलं. पहिल्या कार्यक्रमाला निघालो तेव्हा ही बाई दाराशी न जाता खिडकीशी गेली आणि बाहेरूनच ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर रुमाल टाकला. जागा धरली! गाडी सगळी रिकामी, दार सताड उघडं.

आमचे ड्रायव्हर नजीरचाचा, साउंडही तेच सांभाळतात. ते पोट धरून हसले. "अगं बाई, आपलीच गाडी हाय की ही!"

"गाडी आपली असंल चाचा. सीट कुणाची असती का? धरंल त्याची!"

मोरपंखी रुमाल होता, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं काढलेलं फूल. पुढे दर कार्यक्रमाला आधी तो रुमाल गाडीत चढायचा, मग मंगल.

* * *

माईक टेस्टिंगला सगळी दुनिया "हॅलो, वन टू थ्री" म्हणते. मंगल वडिलांचा रूट म्हणायची. "निलंगा, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड!" तेही चालीत, आणि नांदेडवर मस्त लांब आलाप घेऊन.

लोह्याजवळच्या एका गावात तिनं असं टेस्टिंग केलं आणि एक आजोबा पिशवी सावरत थेट स्टेजपाशी आले. "बाई, अहमदपूरला थांबती का गाडी?"

आम्ही हसू दाबत होतो. मंगल मात्र गंभीर. "थांबती की आजोबा. पण जरा येळ हाय. बसा म्होरं."

आजोबा पहिल्या रांगेत बसले. पिशवी मांडीवर घेऊन अख्खा कार्यक्रम ऐकला. शेवटचं गाणं झालं तसे उठले आणि म्हणाले, "गाडी उशिरा आली तरी चालंल. आजून एक म्हण!"

* * *

निलंगा तालुक्यात एका वाढदिवसाला स्टेज म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली दिली होती. वर सतरंजी, बाजूनं झेंडूच्या माळा. ट्रॅक्टर पुढे जोडलेलाच होता, त्याचं आम्हाला काही वाटलं नाही. ऊसतोडीचे दिवस. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ट्रॅक्टरवाल्याला फोन आला की फडात टोळी खोळंबलीय, ट्रॉली आण. गडी आला, बसला आणि मागं न बघता निघाला!

प्रकाशदादा, म्हणजे आमचे मालक आणि मुख्य गायक, यांनी सरळ खाली उडी मारली. मी कीबोर्डला मिठी मारली. मंगल? मंगल गात राहिली. पब्लिक ट्रॉलीबरोबर चालायला लागलं, पोरं मोबाईलवर रील काढायला लागली. माईकची वायर ताणली आणि निसटली, तरी हिचा अंतरा सुरूच. गावाच्या कमानीपाशी कुणीतरी आडवं उभं राहिलं तेव्हा ट्रॅक्टर थांबला.

ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आयला! मला वाटलं, आपला टेपच वाजून राहिला!"

* * *

मंगलचे वडील नोकरीत असतानाच गेले. घरात आई आणि शिकणारा भाऊ. एसटीतल्या अनुकंपा नोकरीची ऑर्डर मंगलच्या नावानं आली. तिचा शेवटचा कार्यक्रम मुदखेडला झाला. तिथंही टेस्टिंगला रूट म्हणाली, पण नांदेडवरचा आलाप घेतला नाही.

"सुट्टी काढून येत जा," प्रकाशदादा म्हणाले.

"येते की!"

तिची सुट्टी आणि आमची तारीख कधी जुळली नाही. रुमाल मात्र सीटवरच राहिला. विसरला की ठेवला, यावर गाडीत अजून दोन पार्ट्या आहेत. मी 'ठेवला' पार्टीत.

कंडक्टर म्हणून लागली, पण साहेबांनी आवाज ऐकून तिला निलंग्याच्या कंट्रोल केबिनमध्ये माईकवर बसवलं. आमची गाडी तिकडं गेली की नजीरचाचा स्टँडबाहेर थांबतात. "चहा पिऊ," म्हणतात. चहा काय, कुठंही मिळतो. भोंग्यातून आवाज येतो, "उदगीर गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे," आणि आम्ही सगळे कप हातात धरून ऐकत राहतो.  आत जाऊन भेटायचं कुणाच्याच जिवावर यायचं. भेटलं की "कधी येतीस?" विचारावं लागणार आणि ती "येते की!" म्हणणार.

* * *

मग पूजा आली. मुदखेडची पोरगी, आवाज स्वच्छ, मेहनती. तिला आम्ही मागं, स्पीकरच्या शेजारी बसवलं. पुढची सीट रिकामी आणि रुमाल तिथंच. एकदा नवरदेवाच्या मामाला देगलूरपर्यंत सोडायचं होतं. ते त्या सीटवर टेकणार तेवढ्यात नजीरचाचा ओरडले, "बसू नका! मोडलेली हाय ती!" मामा बिचारे ढोलकीच्या पेटीवर बसून गेले.

पूजाला मागं बसलं की मळमळायचं. बरेच दिवस तिनं लिंबू हुंगत काढले. माझंही चुकायचं, तिचं गाणं असलं तरी बोटं मंगलच्याच पट्टीत जायची. पोरीला सगळं कळत होतं. शेवटी एक दिवस अहमदपूरच्या अलीकडं तिनं गाडी थांबवायला लावली, उलटी केली, तोंड धुतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, त्या सीटवर कोण मेलंय का?"

 मग प्रकाशदादा खाली बघत म्हणाले, "न्हाई गं. नोकरीला लागलीय."

"मग मी काय करायचं ते सांगा. न्हाईतर माझी जागा घरी हाय."

 प्रकाशदादांनी स्वतः रुमाल उचलला, घडी केली आणि माझ्या खिशात ठेवला. "निलंग्याला देऊन टाकू." पूजा पुढं बसली. तिची मळमळ थांबली आणि आमची सुरू झाली!

* * *

निलंग्याला त्या दिवशी पहिल्यांदाच गाडी थेट फाटकापाशी लावली. मी एकटा केबिनमध्ये गेलो. मंगलनं मला पाहिलं, बोटानं 'थांब' अशी खूण केली आणि औसा गाडीची घोषणा पूर्ण केली. मी रुमाल टेबलावर ठेवला.

तिनं कोपऱ्यातल्या फुलावर अंगठा फिरवला. 

"कोण बसतं आता?"

"पूजा म्हणून हाय. चांगली गाती."

"मागं बसवलं असंल तिला."

"हाव."

"उलट्या झाल्या असतील." मी मान हलवली. मंगल रुमाल घेऊन उठली. "चल, दाखव."

गाडीजवळ येताच नजीरचाचांनी डोळ्यांना बाही लावली, प्रकाशदादा उगाच टायर बघायला लागले. पूजा घाबरून सीटवरून उठायला लागली. दार उघडंच होतं, पण मंगल वळसा घालून खिडकीकडे गेली आणि बाहेरूनच तो मोरपंखी रुमाल आत टाकला. तो पूजाच्या मांडीवर पडला.

"बस. उठू नकोस," मंगल म्हणाली. "आणि जागा धरून ठेव."

एवढंच. मागं न बघता ती केबिनकडे गेली. मी दाराला लटकलो, नजीरचाचांनी गाडी सुरू केली. आम्ही फाटकातून वळतोय तोवर भोंगा खरखरला.

"निलंगा, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेऽऽऽड!"

तोच आलाप, पहिल्यासारखा लांब. स्टँडवरची माणसं पिशव्या उचलून धावायला लागली, आणि फलाटावर तेव्हा नांदेडची एकही गाडी नव्हती.