सांडोरचा चकवा

लेकीने पसंत केलेला मुलगा आज पहिल्यांदा घरी येणार म्हणून बायको केळफूल सोलायला बसली, आणि त्या तुरट वासाबरोबर मी थेट सांडोरच्या केळीच्या वाडीत जाऊन पोचलो.

लग्नाआधी हिलाच बघायला निघालो होतो. भर दुपारी वाडीतून जवळची वाट धरली आणि हरवलो. जिकडे बघावं तिकडे सारख्याच केळी, पायाखाली चिखल. तेवढ्यात मागून खांद्यावर काहीतरी थपकन पडलं. ते वाळलेलं पान होतं, पण वळून बघायला धीर हवा ना! चकवा लागला तर सदरा उलटा घालावा, असं आईने शिकवलं होतं. मी घातला आणि पळत सुटलो तो थेट मुलीच्या अंगणात.

शिवणी बाहेर, खिसा आत. मुलगी तोंड दाबून हसत होती. संपलं सगळं, मी मनात म्हटलं. पण तिचे वडील गंभीरपणे म्हणाले, "आमचा चकवा वाईटच हो. आधी पाणी घ्या."

लग्नानंतर पाहिलं, तर वाडी केवढीशी! सासऱ्यांना छेडलं, तेव्हा म्हणाले, "जावईबापू, नाव चकव्याचं घ्यावं. त्याला कुठे लग्न करायचंय?"

एवढ्यात बेल वाजली. आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या एकसारख्या इमारतींत तासभर भटकून मुलगा घामाघूम उभा होता. लेक हसू दाबत होती.

"इथे चकवा आहे हो," मी खुर्ची पुढे केली.

आतून डोकावत बायको म्हणाली, "याचा सदरा तरी सरळ आहे."