काशिरामकाकांची येझदी

काशिराम म्हात्र्यांची पुढची खोली मी भाड्यानं घेतली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. माझी लुना त्यांच्या येझदीला टेकवून ठेवायची नाही. भाड्याचं, पाण्याचं, न्हाणीघराचं सगळं भामाकाकींनी ठरवलं. काका फक्त माझ्या लुनेभोवती एक फेरी मारून आले आणि "ही गाडी हाय का शिवनाची मशीन?" असं विचारून आत निघून गेले. मला राग आला. त्याच लुनेवरून मी नेऱ्याच्या पलीकडच्या पाड्यांत बाळंतिणी तपासायला जायची, आणि तिनं मला कधी वाटेत दगा दिला नव्हता. पण पनवेलमध्ये तेव्हा एकट्या नर्सबाईला चांगली खोली मिळणं सोपं नव्हतं, म्हणून मी तोंड मिटून घेतलं. माझ्या बाबतीत हे फार वेळा घडत नाही.

काका आयुष्यभर मिठाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. काकींनी तरुणपणी मिठागरात डोक्यावरून पाट्या वाहिलेल्या. मूलबाळ नव्हतं, आणि त्याचं रडगाणं मी दोघांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. घरात लाडाची म्हणावी अशी एकच वस्तू, ती म्हणजे पडवीतली येझदी. ती काकांनी जुनीच घेतली होती आणि त्यांच्या हाताखाली ती आणखी जुनी झाली होती.

दर पावसाळ्यात ती गाडी गोणपाटावर यायची. गाढी नदीला पूर आला, रस्त्यांची चाळण झाली, की काका पाटावर बसायचे आणि गाडी खोलायला घ्यायचे. तिला काही झालेलं असो वा नसो. कार्बोरेटर, पॉइंट, चेन, क्लच, सगळं बाहेर यायचं, रॉकेलनं धुतलं जायचं आणि परत बसायचं. मी म्हणायची, धडधाकट माणसाचं दरवर्षी ऑपरेशन करणारे डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहते आहे. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आश्विन लागला की रोज सकाळी गच्चीत जाऊन कर्नाळ्याच्या किल्ल्याचा सुळका बघायचे. त्याला ते अंगठा म्हणत. अंगठा ओळीनं काही दिवस स्वच्छ दिसला की पाऊस संपला, मग सरकारी हवामानखातं काहीही म्हणो.

आणि दसऱ्याला, पूजा झाली की, काकींना मागे बसवून चिरनेर. तिथं काकींची थोरली बहीण ठमाबाई राहायची. आई लवकर गेल्यामुळे काकींना तिनंच वाढवलं होतं. तिला सोनं द्यायला हे दोघं दरवर्षी गाडीवरून जात. काकी त्या दिवशी नवी नऊवारी नेसत, डोक्यावरचा पदर दातात धरत, आणि गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत कुणाकडे बघत नसत. वर्षभर राबणारी ती बाई त्या एका सकाळी अशी काही दिसायची की मीही शिवनाच्या मशीनचा अपमान विसरून दारात उभी राहायची.

एक्क्याण्णव सालच्या चैत्रात काकांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. जीव वाचला, वाचा शाबूत राहिली, पण डावा पाय फरफटायला लागला आणि डाव्या हातातून पेला सुटायला लागला. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, हे मी शेकडो घरांत सांगितलेलं वाक्य त्यांनाही सांगितलं. डॉक्टरांनी मोटारसायकल बंद म्हणून सांगितलं. येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्यात असतात, आणि तो दांडा नेमका डावीकडे असतो. गाडीनं जणू निवडून त्यांचा आजारी पाय मागितला होता.

घरी आल्यावर काका म्हणाले, "दसऱ्याला अजून लय येल हाय." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ. आषाढात गाडी नेहमीसारखी गोणपाटावर आली. बाहेर पाऊस, आत रॉकेलचा वास, आणि एका हातानं पाना फिरवणारे काका. आता ते पाऊस थांबायची वाट बघत होते की पाय यायची, हे विचारायची गरज नव्हती.

मी त्यांना व्यायामासाठी रबरी चेंडू आणून दिला. दाबत राहा, बोटांत जोर येईल, म्हटलं. त्यांनी तो शेजारच्या पोरांना देऊन टाकला. पण तासन्‌तास डाव्या हातात चेन धरून उजव्या हातानं ती घासायला मात्र त्यांना कंटाळा नव्हता. सुरुवातीला चेन दर वेळी गळून पडायची. श्रावणात ती हातात राहायला लागली. मी खूश होते आणि तसं दाखवत नव्हते.

तेवढ्यात सामान हरवायला लागलं. आधी कार्बोरेटरचा पितळी जेट गेला. काकांनी पडवी पालथी घातली. काकी म्हणाल्या, उंदरानं नेला असेल. आठवड्यानं त्यांनाच तो तांदळाच्या कणगीमागे सापडला. काकांनी परत सगळं खोललं, धुतलं, जोडत आणलं, तर एक वायसर नाही. पुन्हा उंदीर. वायसर मिळाला तोवर पॉइंटचा स्क्रू गेला, तोही मागाहून मिळाला. मी हसून म्हटलंसुद्धा, की तुमच्या घरचे उंदीर गॅरेज काढणार दिसतात. काकी माझ्याकडे न बघता मासे साफ करत राहिल्या.

गणपती उठल्यावर एका सकाळी मी चहासाठी साखर मागायला आत गेले. काकींचे हात बोंबलांनी भरलेले होते, तर त्यांनी फळीवरचा डबा घे म्हणून हनुवटीनं खूण केली. मी चुकीचा डबा उघडला. आत सुकट होती, आणि सुकटीवर एका चिंधीत गुंडाळलेलं चेनचं लॉक. हे लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी बोटाच्या पेराएवढी पट्टी. ती नसली तर गाडी कितीही चांगली असो, चाक फिरत नाही.

काकींनी हात धुतले, माझ्या हातातून डबा घेतला आणि झाकण लावलं. मग खाली बसल्या. मला वाटलं होतं त्या चिडतील, पण त्या रडकुंडीला आल्या होत्या.

"बाय, गाडी झाली का ते बसनार," त्या म्हणाल्या. "बसले का पडनार. मना आता परत दवाखान्यातला तो बाक नको."

त्यांचा हिशेब साधा होता. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पूजेत मांडायची. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याची पूजा होऊन चिरनेरहून सोनं देऊन येईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा दंडक, आणि काका तो मरणाच्या दारातही मोडणार नाहीत. म्हणजे नवमीपर्यंत गाडी अपुरी राहिली की दसरा टळला. पुढचं पुढं बघू. मी डॉक्टरांचं नाव घेऊन काकांशी सरळ बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण गाडी खोलून खोलून त्यांचा हात सुधारत होता, आणि काकींचा जीव चैत्रापासून टांगणीला होता. मी गप्प राहिले. पुढच्या वेळी काकांनी उंदरांचा विषय काढला तेव्हा मी म्हटलं, हो, माझाही साबण कुरतडलाय. उंदराला मांजर साक्ष.

आश्विनात आभाळ निवळलं. कर्नाळ्याचा अंगठा असा स्वच्छ दिसायला लागला की त्याच्याकडे बघून मलाच धास्ती वाटायची. रस्ते वाळले. पळस्प्याच्या नाक्यावरून गाड्यांचा आवाज सकाळी स्पष्ट ऐकू यायचा. काका जिना चढून गच्चीत जायचे, एकेका पायरीवर थांबत, आणि वरून खाली यायला फार वेळ लावायचे.

एकदा मी खिडकीतून पाहिलं. घरात कुणी नाही असं समजून ते गाडीवर बसले होते. डावा पाय हातानं उचलून त्यांनी किकवर ठेवला आणि दाबला. पाय सरकून खाली गेला. परत ठेवला, परत सरकला. मग ते उतरले आणि फडक्यानं किकचा दांडा पुसत बसले, जसा काही दोष त्याच्या तेलकटपणाचा होता. मी खिडकीतून मागे झाले. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, आणि त्यांना ते कळू नये असंही वाटलं.

खंडेनवमीला काकींनी पडवी सारवली. पाटावर केळीचं पान, पानावर धुतलेले पाने, पक्कड, हातोडी. बाजूला विळा आणि कोयती. माझं बी.पी.चं यंत्रही काकींनी मागून घेतलं होतं, ते हातोडीशेजारी झेंडूत बसलं होतं. गाडी उभी होती, पुसून लख्ख, आणि तिची चेन दोन टोकांनी खाली लोंबत होती. काकी हळदकुंकवाची ताटली घेऊन आल्या. एवढं बोट लागलं की त्यांचं काम झालं.

काका पाटासमोर बसले होते. त्यांनी पानावरून एकच पक्कड उचलून बाजूला ठेवली.

"भामे," ते म्हणाले, "सुकटीचा डबा आन."

काकींनी ताटली खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी झेंडूकडे बघितलं. मग त्या आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. काकांनी चिंधी सोडली, लॉक हातावर घेतलं, नाकाशी नेलं.

"तुमाला कवापासून ठावं?" काकींनी विचारलं.

"जेट सापडला तवापासून. उंदराच्या तोंडाला सुकटीचा वास आसतो व्हय?"

मला हसू फुटलं. पण काकी हसल्या नाहीत. मग बोललात का नाही, असं त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात राग होता. सगळा पावसाळा आपण एकट्याच भीत होतो असं त्यांना वाटलं होतं.

काकांनी डाव्या हातात चेनची टोकं धरली, ती धरून ठेवली, उजव्या हातानं लॉक बसवलं, पकडीनं दाबलं. चेन जुळली. पक्कड पुसून त्यांनी परत पानावर ठेवली.

"काय बोलू? गाडी झाली आसती तर बसाया लागलं आसतं," ते म्हणाले. "पाय नाय येत, भामे. तू लपवत व्हतीस, मना बरं वाटत व्हतं."

काकी त्यांच्याजवळ बसल्या. मग काकींनी डोळे पुसले, आणि त्याच हातानं पाना-पकडीला, कोयतीला, माझ्या यंत्राला आणि शेवटी गाडीच्या टाकीला हळदकुंकू लावलं.

दसऱ्याची सकाळ कशी असावी तशीच होती. स्वच्छ, कोरडी, ऊन अंगाला न लागणारं. गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. ठमाबाईला सोनं द्यायला दुपारच्या एस.टी.नं जायचं ठरलं होतं आणि काकांनी ते मुकाट्यानं मान्य केलं होतं. मला त्यांचा तो मुकाटपणा बघवत नव्हता. शिवनाची मशीन म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

पूजा झाल्यावर काकी आत गेल्या आणि नवी नऊवारी नेसून बाहेर आल्या. गाडी मोठ्या स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी. काकींनी काकांना बसायला सांगितलं. काका बघतच राहिले. त्या म्हणाल्या, स्टँडवरून कोण पडलंय आजवर? आणि मी आधार दिला, काका बसले.

मग काकींनी कासोटा आवळला, डाव्या बाजूला आल्या आणि किकवर पाय ठेवला. मिठाच्या पाट्या वाहिलेला पाय. पहिल्या किकला गाडी खोकली. काकांनी प्लगबद्दल काही तरी पुटपुटत चोक ओढला. दुसऱ्या किकला ती अशी धडधडली की शेजारचे आपापल्या ओट्यावर आले. पडवीत निळा धूर भरला. काकी खोकत खोकत मागे चढल्या, पदर दातात धरला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

काकांनी डाव्या हातानं क्लच दाबला. पूर्ण दाबला. डाव्या गुडघ्यावर उजव्या हाताचा भार देऊन गिअर टाकला, आणि मागचं चाक हवेत फिरायला लागलं.

"पळस्पा आला," काका मोठ्यानं म्हणाले. "गर्दी हाय. धर नीट."

काकींनी धरलं. पळस्प्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागले. डावीकडे कर्नाळा गेला, माकडांना हात दाखवू नको म्हणून काकांनी बजावलं. मग उजवीकडे वळले तेव्हा हँडल खरंच वळवलं, आणि मागे काकीही खरंच कलल्या. खड्डा आला की काका सांगायचे आणि काकी उचलून बसायच्या. भाताची शेतं आली, तयार झालेली. कुणाच्या तरी बैलगाडीसाठी ते थांबले. शेजारचे आधी हसले, मग हसायचे थांबले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं, आणि इतकं बरं मला त्या वर्षात कधीच वाटलं नव्हतं.

"चिरनेर आलं," काका म्हणाले. त्यांनी एक्सलेटर सोडला. आवाज खाली आला. "उतर."

काकी उतरल्या नाहीत. त्यांनी दातातला पदर सोडला आणि दुसराही हात काकांच्या खांद्यावर ठेवला.

"आन् परत मना कोन नेल?" त्या म्हणाल्या. "फिरवा गाडी."