केसांतली खडी

“हेल्मेट घातलं होतं, सिस्टर,” रमेश तिसऱ्यांदा म्हणाला. भर दुपारी तलासरीजवळ हायवेला त्यांची मोटारसायकल घसरली होती. चालवणारा त्याचा भाऊ सुनील आमच्या छोट्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आडवा होता. मागे बसलेल्या रमेशचे गुडघे सोलवटले होते, आणि हेल्मेट त्याच्या हातात होतं.

डॉक्टर नवे होते. सुनीलचं कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडलं होतं. तो पेंगत होता, पण हाक मारली की नाव-गाव नीट सांगायचा.

“हेल्मेट होतं म्हणजे डोकं वाचलं. उन्हाने आणि दुखण्याने थकलाय. सलाइन लावा,” डॉक्टर म्हणाले.

मी चेहरा पुसायला सुनीलचं डोकं वळवलं. कानाच्या वर, केसांत रस्त्याची बारीक खडी रुतली होती. हेल्मेटवर मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

रमेशला बाजूला घेतलं. “हेल्मेट कुठं होतं, दादा?”

त्याने हेल्मेट पाठीमागे धरलं.

“मी पोलीस नाही, दंड लावत नाही. रस्त्यावर हेल्मेट आपटलं की डोकं, एवढंच सांग.”

“टाकीवर होतं, सिस्टर. सायवनहून निघालो तेव्हापासून. केस होईल म्हणून बोललो नाही.”

मी पुन्हा जीसीएस घेतला. म्हणजे शुद्धीचे मार्क, पंधरापैकी. डोळे उघडतो का, बोलतो काय, सांगितलं तसा हात हलवतो का, यावर देतात. आला तेव्हा चौदा होते. आता तो गावाचं नाव भलतंच सांगत होता. तेरा.

“सर, डोकं उघडं होतं. आणि मार्क उतरलेत.”

डॉक्टरांनी खडी पाहिली, बॅटरीने डोळे पाहिले. वाद घातला नाही. “सीटी लागेल. वापीला हलवा.”

अँब्युलन्समध्ये मीच बसले. भिलाड मागे पडलं आणि सुनीलने उत्तर देणं बंद केलं. सीटीत कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त साठलेलं दिसलं. त्याला तसंच ऑपरेशनला घेतलं. बाहेर आल्यावर तिथले सर्जन म्हणाले, “वेळेत आणलंत, सिस्टर.” वीस वर्षांच्या नोकरीत मला एवढं मोठं सर्टिफिकेट दुसरं मिळालेलं नाही.

दीड महिन्याने सुनील खांदा दाखवायला चालत आला. मला ओळखलं नाही. कसा ओळखणार?

डॉक्टरांनी आमच्या केसपेपरवरचं ‘हेल्मेट: होय/नाही’ खोडून तिथे ‘डोक्यावर होतं का? पट्टा लावला होता का?’ असं लिहून घेतलं. मी नव्या सिस्टरांना एकच सांगते: पेशंटचे लोक खोटं बोलतात ते दंडाच्या भीतीने. आधी भीती काढा, मग प्रश्न विचारा.