न वाजलेली थाळी

शिमग्याचा ढोल कानावर आला की मला अजून बाळंतिणीच्या खोलीतला धूर आठवतो. ओवा, शेणीचा निखारा आणि कुडाच्या फटींतून आत आलेल्या उन्हाच्या बारीक काड्या. त्या उन्हात धूर इतका हळू तरंगायचा की आपण जागे आहोत की झोपेत, ते कळू नये.

साल बासष्ट-त्रेसष्ट असेल. पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठी आमचं गाव. माझे वडील भागोजी गावच्या सोमजाईचे सेवेकरी. गुरव वेगळा, मानकरी वेगळे. बाबांना मान नव्हता, नुसतं काम होतं. देवळाचं अंगण झाडायचं, सांजेला दिवा लावायचा आणि शिमग्याला देवीचे चांदीचे मुखवटे पालखीत बसवून नव्या लुगड्यांनी आवळून बांधायचे. पालखी खांद्यावर नाचते, म्हणून गाठ पक्की लागते. ती गाठ तरुणपणापासून बाबाच मारत. पण गाईचं दूध काढून, आम्हा मुलींच्या वेण्या घालून झाल्याशिवाय ते देवळाकडे वळत नसत. आई म्हणायची, "सोमजाई माझी सवत, पण गुणाची. हे उशिरा गेले तरी रागवत नाय."

त्या शिमग्याला मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होते. सकाळी कळा सुरू झाल्या. बाबांनी पाणी तापवलं, सुईण राहीबाईला आणलं आणि दाराशीच बसून राहिले. देवळातून बोलावणं आलं तरी हलेनात.

"जा आता," आई म्हणाली. "इथं बसून तुम्ही काय कळा देणार हाय?"

"थाळी वाजली की समजंल मला," म्हणत ते गेले.

मुलगा होवो की मुलगी, आमच्याकडे मूल झालं की काशाची थाळी वाजवत. आवाज देवळापर्यंत जाई. माझी थोरली बहीण चंद्रभागा याच खोलीत बाळंत होताना गेली, तेव्हा थाळी वाजली नव्हती.

ऊन डोक्यावर आलं आणि मला मुलगी झाली. राहीबाईनं थाळी उचलली, तर आईनं तिचा हात धरला.

"नको गो. लेक सासरची, पण बाळंत इथं झाली. बातमी कानावर पडली की सोयर लागली. मग ह्यांना तीन दिस पालखीला हात लावता यायचा नाय. बांधून होऊ दे."

"आळीला तर कळलं, बयाबाई."

"आळी गप बसंल. आळीला पण पालखी सरळ हवी."

आळी खरंच गप बसली. देवळात काय झालं ते मला पुढे कुशाबाकाकांनी सांगितलं. ते बाबांचे जोडीदार. लुगड्याचं दुसरं टोक धरून बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"घरून काय निरोप?" बाबांनी विचारलं.

"काय नाय. गाठ मार."

"थाळी ऐकलीस का रे?"

"ढोलात काय ऐकू येतंय?"

"ढोल कवाच थांबलेत, कुशाबा."

कुशाबाकाकांनी मान खाली घातली. बाबांनी त्या खाली गेलेल्या मानेचा एकच अर्थ लावला. हातातलं लुगडं ठेवलं आणि घराकडे निघाले. उतारावर तर ते धावत होते म्हणे.

मी डोळे मिटून पडले होते. ओटीवर पावलं आली आणि थांबली. आत यायचं धैर्य त्यांना होत नव्हतं. मग बाळ रडलं.

आई बाहेर गेली. "कशाला आलात? जरा कळ काढली असती तर बांधून झाली असती ना?"

"थाळी वाजली नाय," बाबा म्हणाले. "मला वाटलं, ही पण गेली."

 आईनं आतून थाळी आणून त्यांच्या हातात दिली. बाबा वाजवत राहिले. माझ्या झोपेत तो आवाज डोहातल्या वलयांसारखा पसरत नदीपलीकडे गेला.

दिवस कलताना, कुशाबाकाकांनीच गाठ मारलेली पालखी आमच्या आळीत आली. सोयर असलेल्या घरी ती टेकत नाही. पुढून निघून जाते. बाबा बाळाला खांद्यावर घेऊन ओटीवर मागे सरून उभे होते. दाराच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. तो खांदा ढोलाच्या तालावर आपोआप हलत होता.

"भागोजी," पालखीखालून कुशाबाकाका ओरडले, "देवी कलली तर तुझ्या नातीच्या नावावर हां."

"डावीकडं ढिली हाय," बाबा पुटपुटले.

"मग सांगा की इथनंच," आई म्हणाली.

"असू दे. पुढल्या शिमग्याला बघू."

पालखी किंचित डावीकडे झुकत, गुलालाच्या धुरळ्यात वळणाआड गेली. बाबांनी बाळाचं सुटत आलेलं दुपटं आवळलं आणि पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं.