न दिसणारा दिवा आणि आईची चंद्रकळा

तो दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा माझे वडील मोठ्यानं हसले होते. गोडाऊनच्या मागच्या भिंतीवर, उंचावर, डब्याएवढा तो दिवा बसवला होता. पुढे काळी काच. काचेमागे जेमतेम एक लाल ठिपका. उजेड म्हणाल तर नावाला नाही.

"हा काय दिवा हाय वं?" बाबा मला म्हणाले. "याच्यापेक्षा माही बिडी जास्त उजेड देते."

ते हसत होते, पण त्यांचा हात खिडकीच्या गजावर घट्ट होता. तो हात तिथे का होता हे तेव्हा फक्त मला, आईला आणि त्यांना ठाऊक होतं. आज रस्त्यारस्त्यावर असे दिवे लावलेले कॅमेरे आहेत. रात्री त्यांच्याभोवती लाल ठिपक्यांची रांगोळी दिसते आणि कोणी मान वर करून बघतही नाही. मी मात्र बघते. त्या दिव्याचं आमच्या घरावर फार मोठं ऋण आहे, आणि ते मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. मी नागपूरच्या सदरमधल्या एका रेडिओ-टीव्हीच्या दुकानात कामाला होते. फोन घ्यायचा, गिऱ्हाइकाला बसवायचं, आणि मालक जेवायला गेले की मालकासारखं बोलायचं. हे शेवटचं काम मला फार छान जमायचं. मालकांनी मुंबईहून एक कॅमेरा आणला आणि काचेच्या शोकेसमध्ये टीव्हीला जोडून ठेवला. रस्त्यानं जाणारा माणूस टीव्हीत दिसायचा. झालं! अख्खा सदर बाजार आमच्या दारात भांग पाडायला येऊ लागला. एक गृहस्थ तर रोज ऑफिसला जाताना थांबून स्वतःला नमस्कार करून जायचे.

एक दिवस त्या शोकेससमोर सेठजी उभे राहिले. बाबा ज्यांच्या सुताच्या गोडाऊनवर रात्रीचे चौकीदार होते, तेच सेठजी. त्यांच्या शेजारच्या गोडाऊनमधून तेव्हा नुकतेच सुताचे गठ्ठे चोरीला गेले होते. मागच्या अंगणात बल्ब लावला की गल्लीतली पोरं दगड मारून फोडायची. आमच्या मालकांनी त्यांना सांगितलं की या कॅमेऱ्यासोबत एक दिवा मिळतो, त्याचा उजेड माणसाला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. चोराला अंधार आणि आपल्याला दिवस. सेठजींच्या मनानं घेतलं. आणि मी काउंटरमागे उभी राहून हा सौदा मोडावा म्हणून देवाला विनवू लागले.

कारण बाबांना रातांधळेपणा होता.

आम्ही मूळचे उमरेडचे. बाबा मागावर लुगडी विणायचे. पुढे मागाचं काम सुटलं, आम्ही नागपुरात आलो, आणि ओळखीनं बाबांना ही चौकीदारी मिळाली. दिवसा त्यांना सुईत दोरा ओवता यायचा. भरपूर उजेडाच्या खोलीत ते रात्रीही पेपर वाचायचे. पण अंधारात पाऊल टाकलं की सगळं संपलं. टॉर्च मारली तर त्या गोळ्यात एक वीट दिसायची, भिंत दिसायची नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. आईनं गाजरं, शेवग्याचा पाला, बोकडाची कलेजी, सगळं खाऊ घातलं. कलेजीचं बाबांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही, पण डोळ्यांत काही फरक पडला नाही.

मग हा माणूस रात्रीची राखण कशी करत होता? सुताच्या दोरीनं. त्यांनी स्वतः पीळ देऊन एक जाड दोरी केली होती. केबिनच्या खिडकीच्या गजाला एक टोक, तिथून गोडाऊनच्या कडेकडेनं खिळ्यांवरून मागच्या अंगणात, आणि फिरून परत पुढे. जिथे कुलूप असेल तिथे दोरीला गाठ. बाबा डावा हात दोरीवरून सरकवत फेरी मारायचे, गाठ लागली की उजव्या हातानं कुलूप ओढून बघायचे. मागावर तुटलेला धागा ज्यांनी न पाहता बोटांनी शोधला, त्यांना ही फेरी अवघड नव्हती. कान तिखट होते, झोप सावध होती. लोक डोळ्यांत तेल घालून राखण करतात म्हणतात, बाबा बोटांत करत. सेठजींना वाटायचं दोरी कपडे वाळवायला आहे. बाबाही आपला एक टॉवेल तिच्यावर कायम टाकून ठेवत.

कॅमेऱ्याचं मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली.

"आता कॅमेराच पाहीन सगळं," ते म्हणाले. "मंग मले काहून ठेवतीन? अन ठेवलं तरी म्या चाचपडत फिरून राहिलो हे टीव्हीत दिसनच ना."

"तुमी आधी जेवा," आई म्हणाली. "मशीनले काय समजते तुमच्या डोळ्यातलं?"

पण तीही त्या दिवशी नीट जेवली नाही. ती नोकरी गेली असती तर बाबांना दुसरी कोण देणार होतं? दिवसाच्या कामांना जवान माणसं रांगेत उभी होती. आणि खरं सांगू, पोटाचं आम्ही कसंही भागवलं असतं. पण माग सुटल्यावर बाबा जे गप्प गप्प झाले होते, ते या चौकीदारीनं पुन्हा बोलते झाले होते. ते पुन्हा गप्प होतील याची मला जास्त भीती होती.

कॅमेरा बसवायचा दिवस नेमका संक्रांतीचा निघाला. आमच्या दुकानाचा मिस्त्री दुपारपासून तिथे होता. हा मिस्त्री हातानं सोन्यासारखा आणि जिभेनं अखंड चालू. संध्याकाळी मी सायकलनं पोचले तर बाबा आधीच येऊन केबिनमध्ये बसले होते, टीव्ही लागला होता, सेठजी खुर्चीत होते. आणि खिडकीच्या गजाला दोरी नव्हती. बाबांचा हात मोकळ्या गजावर होता.

"ती दोरी? काढून टाकली ना," मिस्त्री म्हणाला. "क्यामेऱ्यासमोर येऊन राहिली होती. मस्त गुंडाळून ठेवली तिकडं कोपऱ्यात."

त्याला काय बोलणार? मनात मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की संक्रांतीचं गोड बोलणं वर्षभरासाठी तिथेच संपलं. बाहेर अंधार पडला होता. मिस्त्रीनं बटण दाबलं, तो लाल ठिपका लागला, बाबा हसले ते याच वेळी. आणि टीव्हीत मागचं अंगण उजळून आलं. भिंत, दारं, कुलपं, कोपऱ्यातली तुटकी हातगाडी, सगळं. खिडकीतून बाहेर बघावं तर मिट्ट काळोख. बाबा हसायचे थांबले आणि टीव्हीच्या जवळ सरकले. सूर्य मावळल्यावरचं ते अंगण इतकी वर्षं राखून त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

"चलो, अब एक चक्कर मारून या," सेठजी त्यांना म्हणाले. "कंदील नको, टॉर्च नको. अंधारात माणूस कसा दिसतो ते बघू."

बाबा उठले नाहीत. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारात आई. हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात तिळगुळाची वाटी. संक्रांतीचं हळदीकुंकू करून तशीच आली होती. अंगावर काळीभोर चंद्रकळा, तिला हातभर लाल काठ. ती चंद्रकळा बाबांनी विणलेली, मागावरून उतरलेलं शेवटचं लुगडं. आई ती वर्षातून एकदाच नेसायची. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

तिनं मोकळा गज पाहिला, बाबांचं तोंड पाहिलं, आणि डबा टेबलावर ठेवला.

"मीच जातो, सेठजी," ती म्हणाली. "मलेही येऊ द्या ना टीव्हीत. सणाचं लुगडं नेसली हावो."

सेठजी हसले. माझा जीव भांड्यात पडला. आई बाहेर गेली, कोपऱ्यावरून वळली आणि थोड्या वेळानं टीव्हीत आली.

मी आधी ओळखलंच नाही. टीव्हीत जी बाई चालत होती तिच्या अंगावर पांढरं लुगडं होतं. काळ्याचा मागमूस नाही, काठ नाही. ती अंगणाच्या मधोमध थांबली आणि लाल ठिपका शोधत तिनं तोंड वर केलं. कपाळ कोरं होतं. चाल आईची, उभं राहणं आईचं, आणि पांढरं लुगडं, कोरं कपाळ. आमच्याकडे असं कपाळ कोणाचं असतं ते सांगायला नको.

"हे काय हाय?" बाबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मिस्त्री सांगायला लागला की या दिव्याला कापडाचा रंग दिसत नाही, काळं असलं तरी पांढरं येतं, लालही उडून जातं. पण बाबा ऐकायला थांबले नव्हते. ते दारातून बाहेर गेले होते. दोरी नाही, काठी नाही. मी टॉर्च घेऊन मागे धावले. कोपऱ्यावर ते भिंतीला धडकले, हातगाडीला अडखळून गुडघ्यावर पडले, उठले, आणि दोन्ही हात पुढे करून अंधारात आईला हाका मारू लागले.

"अवं कुठं हायस तू? बोल ना! बोल काहीतरी!"

"इथंच हावो," आई म्हणाली. "काय झालं?"

त्यांनी तिला हातानं गाठलं. मी टॉर्च लावली, पण त्यांनी टॉर्चकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्या पदराचं टोक धरलं आणि बोटं काठावर नेली. विणताना जिथे काठ सुरू होतो तिथे कापडाचा पोत बदलतो, ते त्यांच्या बोटांनी शोधलं.

"काठ हाय," ते म्हणाले. "हाय काठ." मग अंगठा तिच्या कपाळाला लावला आणि कुंकवानं लाल झालेला तो अंगठा माझ्या टॉर्चसमोर धरून पाहिला.

"तुले पांढऱ्यात पाह्यलं म्या," ते आईला म्हणाले. "असं पुन्हा कधी नको दिसू मले. मी नसलो तरी नको. म्या इनलेलं हेच नेसत जाय."

"सणासुदीचं काही बोलता का?" आई रागावली, आणि रडायलाही लागली.

हे सगळं सेठजी केबिनमध्ये टीव्हीत बघत होते. आवाज नव्हता, पण धडपडणारा चौकीदार दिसायला आवाज कशाला लागतो? आम्ही परत आलो तेव्हा ते गुंडाळलेली दोरी हातात घेऊन बसले होते. एक एक गाठ चाचपत होते.

"रात को दिसत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "पहिलेपासूनच नाही दिसत, सेठजी. या दोरीनं फिरत होतो. गाठ लागली की कुलूप."

सेठजींनी दोरी टेबलावर ठेवली. मला वाटलं, संपलं. मी बाबांच्या डब्याकडे बघत राहिले, म्हणजे कोणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

"टीव्हीत दिसतं?" सेठजींनी विचारलं.

"टीव्हीत सब दिसते," बाबा म्हणाले. "हातगाडीचं चाक बी दिसलं."

"मग हा टीव्ही कोण बघेल? मी बघू रातभर? दुसरा माणूस ठेवला तर इथं गरम केबिनमध्ये घोरत पडेल." सेठजी उठले. "तुम्ही बसा समोर. काही दिसलं तर शिट्टी वाजवा, शेजारचा चौकीदार धावेल. आणि ए मिस्त्री, ही दोरी पुन्हा बांध. लाईट गेली तर टीव्ही काय कामाचा?"

मग त्यांनी आईच्या वाटीतला तिळगूळ उचलून तोंडात टाकला आणि निघून गेले. इतकं सरळ. या माणसाशी व्यवहारात भांडणारे मी पुष्कळ पाहिले, पण माझ्यासमोर त्यांना कोणी नावं ठेवली की मी आजही भांडायला उठते.

बाबांनी नंतरची वर्षं त्या टीव्हीसमोर काढली. घरी आले की अंधारात काय काय पाहिलं ते सांगायचे. मुंगूस पाहिलं, भिंतीवरून चालणारी मांजर पाहिली, एकदा आमच्याच मिस्त्रीला भिंतीआड लघवी करताना पाहिलं. ज्या माणसाला संध्याकाळनंतर जग नव्हतं, त्याला अंगणभर का होईना, ते परत मिळालं होतं. ते पुन्हा कधी गप्प झाले नाहीत.

दशक संपता संपता ते गेले, दुखणं फार न काढता. तिसऱ्या दिवशी नात्यातल्या बायका आईसाठी पांढरं लुगडं घेऊन आल्या. आईनं ते हातात घेतलं, घडी घातली आणि परत दिलं.

"हे माह्या अंगावर त्याईनं एकदा पाह्यलं हाय," ती म्हणाली. "लय पळाले होते ते पाहून. पुन्हा नाही पळवत आता."

बायकांना काही कळलं नाही. मी समजावून सांगितलं नाही. पुढच्या संक्रांतीला आईनं पेटीतून चंद्रकळा काढली, नेसली, कपाळावर कुंकू लावलं, आणि तिळगुळाची वाटी घेऊन सेठजींच्या गोडाऊनवर गेली. केबिनमध्ये नवा चौकीदार होता. तिनं त्याला तिळगूळ दिला आणि मागच्या अंगणात एक चक्कर मारून येऊ का म्हणून विचारलं. अंधार पडला होता. टीव्हीत पुन्हा कोरं कपाळ दिसू नये म्हणून ती लाल ठिपक्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि भिंतीवरच्या दोरीची एक एक गाठ हातानं बघत सगळी फेरी पूर्ण करून आली.