आतोबा मिक्सर निवडतात

इंदरगंजातल्या विजेच्या उपकरणांच्या दुकानदारांना इन्कम टॅक्सवाल्यांपेक्षाही जास्त धास्ती कोणाची असेल, तर ती माझ्या आतोबांची. तीन वर्षं ते आत्यासाठी स्टँड मिक्सर निवडत होते. त्यांचे पूर्वज संस्थानात दरबारी कारकून, ते स्वतः सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे शेरा मारल्याशिवाय त्यांच्या हातून काही पुढे सरकत नाही. वहीत प्रत्येक मिक्सरपुढे एक शेरा होता. ‘आवाज बोचरा.’ ‘वजनाने हलका, ओट्यावर चालू लागेल.’ एका लालचुटुक, सुबक मिक्सरपुढे नुसतंच ‘उद्धट दिसतो’.

दुकानात जाताना ते डब्यात घरची कणीक न्यायचे आणि ती मशीनमध्ये टाकून डोळे मिटून आवाज ऐकायचे. माझ्या स्कूटरवर ते डबा मांडीवर धरून मागे बसायचे, आणि आम्ही शहराच्या लष्कर भागातलं एकही दुकान सोडलं नाही. एकदा दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, “बाबूजी, पिछली बार भी आपने यही देखा था.”

“तब नया था,” आतोबा म्हणाले. “अब देखते हैं कैसा चलता है.”

आता मूळ कारण सांगतो. आत्याला केक, नानखटाई करण्याची भारी हौस. चार वर्षांपूर्वी पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातात जोर राहिला नाही. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आतोबा बाह्या दुमडून केकचं मिश्रण फेटायला बसतात. आत्या समोर मनुका निवडते. आठवडाभराच्या गप्पा तेव्हाच होतात. मधूनमधून आतोबा विचारतात, “झालं?” आत्या भांड्यात डोकावून म्हणते, “अजून थोडं.” संध्याकाळी त्यांच्या खांद्याला तेल चोळणंही तिच्याकडेच. तो खांदा पाहून माझा जीव कळवळायचा.

शेवटी माझाच धीर सुटला. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मीच एक मिक्सर आणून ओट्यावर ठेवला. मला वाटलं, मोठं पुण्य पदरी पडलं. आतोबांनी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि एकही शेरा मारला नाही. पाच मिनिटांत मिश्रण तयार झालं. आतोबा बाह्या दुमडून शेजारीच उभे होते.

“बढिया आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी बाह्या सोडल्या, बटणं लावली आणि सकाळीच वाचून झालेला पेपर घेऊन गच्चीत जाऊन बसले. एखाद्या मिक्सरमध्ये त्यांना खोट सापडली नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

दोन रविवारांनी पुन्हा गेलो, तर मिक्सरवर फुलाफुलांचं कव्हर चढलेलं. आतोबा टेबलाशी बसून मिश्रण फेटत होते आणि शेजारच्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल तावातावाने बोलत होते. मी आत्याकडे पाहिलं.

“लाइटचा काही भरोसा नाही रे इथे,” ती माझी नजर चुकवत म्हणाली. डोक्यावर पंखा फिरत होता.

“झालं?” आतोबांनी विचारलं.

मी भांड्यात डोकावलो. मिश्रण लोण्यासारखं मऊ झालं होतं, माझ्यासारख्या अडाण्यालाही ते कळत होतं. आत्याने ते नीट पाहिलं, मग आतोबांकडे पाहिलं आणि मनुकांची वाटी पुन्हा जवळ ओढली.

“अजून थोडं,” ती म्हणाली.